बेल वाजवू नये

माझ्या हातून आयुष्यात किती पाट्या रंगवून झाल्या, याची मोजदाद मी कधी केली नाही. दवाखान्यांच्या, शिकवण्यांच्या, रसवंतीगृहांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या तर विचारूच नका. पण सगळ्यात चुकलेली पाटी कुठली, असं विचारलंत तर मला आठवावं लागत नाही. ती माझ्याच दारावर होती.

बुधवार पेठेत एका रेडिओ-टेपच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर माझं काम चालायचं. नव्वदनंतरची काही वर्षं आमच्या धंद्याला बरी गेली. गल्लोगल्ली फोनचे पिवळे बूथ निघाले, मग झेरॉक्स, मग कॉम्प्युटर क्लास, आणि प्रत्येकाला पाटी हवी. मग त्याच कॉम्प्युटरने आमच्या पोटावर पाय दिला. अक्षरं कापणारी मशिनं आली, मागोमाग फ्लेक्स आला, आणि ज्या 'श्री'च्या वेलांटीवर मी अर्धा तास घालवायचो ती वेलांटी कुणी तरी पोरगं माऊस हलवून काढायला लागलं. वाईट काढायचं, पण लवकर काढायचं. बायकोला त्याच सुमारास खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ऑफिस सांभाळायची नोकरी लागली. सकाळी आठला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. त्यामुळे दुपारी बिबवेवाडीच्या घरी, पहिल्या मजल्यावर, आमच्या आठ वर्षांच्या मुलीबरोबर मी असायचो, उरलंसुरलं काम घरीच आणून करत. दुपारी घरात असलेला पुरुष हा मुळातच चिडलेला असतो. मी तर आधीपासून तापट म्हणून प्रसिद्ध होतो.

डॉक्टरांनी मुलीला स्वमग्न म्हटलं होतं. तो शब्द मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. जी स्वतःत मग्न असते तिला बाहेरचं ऐकू येत नाही. हिला सगळंच ऐकू यायचं. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणतो हे मला तिच्यामुळे कळलं. शेजारच्या इमारतीतला मिक्सर सुरू व्हायच्या आधी ती कानांवर हात ठेवायची; बहुतेक बटणाचा आवाज तिला आधी कळत असावा. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते बहुतेक टीव्हीवरच्या जाहिरातींमधलं, त्याच सुरात, जसंच्या तसं.

आणि तिला दारावरची बेल सोसायची नाही. आमची बेल चिमणीसारखी चिवचिवणारी होती, त्या काळी सगळ्यांकडे असायची तशीच. ती वाजली की पोरगी किंचाळत पलंगाखाली शिरायची आणि भिंतीवर डोकं आपटायची. उदारीकरणाने पुण्यात काय आणलं ते तज्ज्ञ सांगतील. आमच्या जिन्यात त्याने टाय लावलेली माणसं आणली. पाणी शुद्ध करायचं यंत्र, धूळ ओढायचं यंत्र, क्रेडिट कार्ड, कुरिअर, केबल. दुपारभर चिवचिव.

पण गंमत अशी, की हीच मुलगी संधी मिळाली की दार उघडून बाहेर जायची, स्टुलावर चढायची आणि तीच बेल स्वतः तीस-तीस वेळा वाजवायची. खुदूखुदू हसत. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका एकदा हे पाहून म्हणाल्या, "म्हणजे त्रास बेलचा नाही. तुमच्या लाडांचा आहे." मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. बेल तीच, आवाज तोच. मग स्वतः वाजवली की गोड आणि दुसऱ्याने वाजवली की सुरी, हे कसं?

तिला रंग द्यायचा प्रयत्न मी केला होता. चित्रकाराची पोर, ब्रश धरेलच, असा माझा भाबडा समज. ओला रंग बोटाला लागला की ती बोट शर्टाला पुसत बसायची, कातडी लाल होईपर्यंत. तिला आवडली ती माझी सुई. मोठी अक्षरं पाटीवर उतरवायची तर आम्ही ती आधी कागदावर काढतो, रेषेवरून सुईने टोचे मारतो, मग कागद पाटीवर धरून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटतो. टोच्यांतून भुकटी खाली पडते आणि पाटीवर ठिपक्यांची रेघ उमटते. लाकडी मूठ बसवलेली ती सुई तिने एकदा उचलली आणि पुन्हा खाली ठेवलीच नाही. बायको म्हणाली, "डोळ्यात घातली तर?" पण पोरगी सुई माझ्यापेक्षा जपून धरायची.

शाळेची व्हॅन साडेबाराला तिला सोडायची. जेवण झालं की ती गॅलरीत पोत्याच्या घडीवर कागदाची लांब पट्टी पसरायची आणि डावीकडून उजवीकडे टोचत जायची. संध्याकाळपर्यंत पट्टी संपायची. मधेच बेल वाजली की हात दचकून कागद टरकन फाटायचा. धंद्याच्या सवयीने मी प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने वार आणि तारीख टाकून गुंडाळी ठेवून द्यायचो. का, ते सांगता येणार नाही. माझ्या पाट्या लोक टाकून देत होते, तिचे कागद टाकवेनात एवढंच.

आता काकूंबद्दल सांगतो. तिसऱ्या मजल्यावर विदर्भातलं एक कुटुंब राहायला आलं होतं. मुलगा खराडीलाच इंजिनिअर. त्याने आईवडिलांना गावाकडून आणलं होतं. आईला गुडघ्याचं दुखणं होतं आणि पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं. एके दिवशी चार वाजता त्या तुरीच्या शेंगांचं ताट घेऊन खाली आल्या, बेल वाजवली, मी दार उघडलं तर मला बाजूला सारून आत आल्या आणि मुलगी पलंगाखालून गॅलरीत परतल्यावर तिच्याशेजारी बसल्या. "काय करून राहिली माय?" एवढं विचारलं आणि शेंगा सोलायला लागल्या. उत्तराची अपेक्षाच नव्हती. तासाभराने गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला.

महिन्याभरात आमच्या मुलीने जाहिरातीबाहेरचे पहिले शब्द उच्चारले. काकू बसल्या, आणि ही कागदावरून मान न उचलता म्हणाली, "काय करून राहिली?" बायकोला रात्री सांगितलं तर ती रडली आणि मग हसत सुटली. सदाशिव पेठेत जन्मलेल्या बापाची मुलगी वऱ्हाडी बोलते म्हणून! मला किंचित लागलं, हे कबूल करतो. पण मीही चारच्या आधी गॅलरी झाडूनपुसून ठेवायला लागलो होतो.

मग तो क्रेडिट कार्डवाला आला. दुपारी अडीचची वेळ, मी आंघोळीला गेलो होतो, आणि त्याने बेलवरचं बोट काढलंच नाही. मी टॉवेलवर बाहेर येईपर्यंत मुलीचं कपाळ फुटलं होतं. दोन टाके पडले. त्याच संध्याकाळी मी एक चांगली सागाची फळी काढली, काळा रंग दिला, आणि पांढऱ्या इनॅमलने माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं:

बेल वाजवू नये.
कडी वाजवू नये.
हाका मारू नयेत.
आपले खरोखर काही काम आहे का, याचा विचार खालच्या पायरीवरच करावा.

इमारतीत पाटीचं कौतुक झालं. सेक्रेटरी मुद्दाम वर येऊन वाचून गेले आणि म्हणाले, "शेवटची ओळ फर्मास." पुण्यात माणूस दुखावला तरी मजकूर चांगला असेल तर दाद देतो. फक्त बायको उंबऱ्यात उभी राहून वाचत राहिली आणि म्हणाली, "अक्षर सुंदर आहे. पण मुलीबद्दल यात एक शब्द नाही. सगळं तुमच्याच रागाबद्दल आहे." मी म्हटलं, "चालतंय ना काम?"

आणि काम चाललं. चिवचिव बंद झाली. रोजची पट्टी अखंड यायला लागली, एकही फाटकी जागा नाही. मी खूश होतो. काकू येईनाशा झाल्या, तर त्या गावी गेल्या असतील असं मी धरून चाललो. मुलगी चार वाजता दाराकडे तोंड करून "काय करून राहिली?" म्हणायची. मला वाटलं, जाहिरातीसारखंच हेही डोक्यात बसलंय.

साधारण तीन आठवड्यांनी एका भेळवाल्याचं काम आलं. फळी काळी करून वाळवली, टोचलेला कागद वर धरला, पुरचुंडी थोपटली, कागद उचलला, आणि पाटीवर 'भेळ' नव्हतंच. नुसते ठिपके. मी चुकून पोरीची पट्टी उचलली होती. शिवी हासडून ओलं फडकं घेतलं, आणि थांबलो. काळ्यावर पांढरं आलं की जे दिसतं ते कोऱ्या कागदात दिसत नाही. ते वेडेवाकडे टोचे नव्हते. बारीक ठिपक्यांची सलग रेघ, मग तीन फुगीर पुंजके सारख्या अंतरावर, मग पुन्हा रेघ. त्याच वेळी खालच्या शिक्षिकांच्या कुकरने शिटी दिली. एक, दोन, तीन. बाईंचा डाळभात तीन शिट्यांचाच असायचा.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घेऊन तिच्याशेजारी पोत्यावर बसलो. आयुष्यात इतकं कान देऊन मी कधी बसलो नव्हतो. सलग बारीक रेघ म्हणजे कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. एकदम खोल टोचा आणि मागोमाग उतरत जाणारे पाच-सहा म्हणजे कुणी तरी स्कूटरला किक मारली. फेरीवाल्याची आरोळी वर चढायची तशी टोच्यांची ओळही कागदावर वर चढायची. काही खुणा मला लागल्याच नाहीत. तिथे मला नुसती शांतता ऐकू येत होती आणि ती मात्र मन लावून टोचत होती. कुणाच्या तरी घरातला फ्रीज असेल, पाण्याच्या टाकीत पाणी चढत असेल. मला हेवा वाटला, अगदी खरं सांगतो. आणि दमल्यासारखंही झालं. तीन तास हे सगळं ऐकून माझं डोकं ठणकायला लागलं, आणि हिला हे रोज, दिवसभर.

मग मी जुन्या गुंडाळ्या काढल्या आणि घरातल्या सगळ्या फळ्या काळ्या केल्या. मला फाटक्या जागा बघायच्या होत्या. कुरिअरवाला: टरकन. केबलवाला: टरकन. सेक्रेटरी वर्गणीला आले तो रविवार: हातभर. मग चार वाजण्याची जागा आली. तिथे आधी उथळ टोचे होते, जोडीजोडीने. एक खोल, एक हलका, एक खोल, एक हलका. हळूहळू जवळजवळ, मोठे मोठे होत गेलेले. मग दोन गोल, स्वच्छ टोचे. ती बेल होती. काकूंची बेल. आणि कागद फाटला नव्हता. पहिले दोन-तीन दिवस सोडले तर एकाही दिवशी फाटला नव्हता, आणि दार उघडायच्या घाईत मी हे कधी पाहिलंच नव्हतं.

मी तिथे फरशीवर बसून राहिलो. दुखऱ्या गुडघ्यामुळे काकूंचा एक पाय जड पडायचा, एक हलका. तिसऱ्या मजल्यावर दार लागल्यापासून पोरीला त्या येताना ऐकू यायच्या. बेल वाजणार हे तिला ठाऊक असायचं, स्वतः वाजवताना ठाऊक असायचं तसंच. बेल वाईट नव्हतीच. न सांगता वाजणारी बेल वाईट होती. आणि सांगून येणारं एकच माणूस या इमारतीत होतं, त्याला मी इनॅमलने लिहून बंदी केली होती.

पाटी लावल्यानंतरच्या पट्ट्या शेवटी थोपटल्या. चार वाजण्याच्या जागेपर्यंत नेहमीसारखं. मग पुढे टोचेच टोचे, बारीक, एकमेकांना चिकटलेले, पट्टीच्या टोकापर्यंत, इतके की कागदाची चाळणी झालेली. रोज तेच. त्या वेळी कसला आवाज असतो म्हणून मी चारला तिच्याजवळ बसून पाहिलं. कसलाच नव्हता. ती वाट बघत होती.

मी पाटी उपटली आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकू घरीच होत्या, गावाला वगैरे काही गेल्या नव्हत्या. "या न भाऊ, बसा," म्हणाल्या. चहा ठेवला. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण आमच्या घराण्यात माफी मागायची पद्धत नाही. आम्ही समोरच्याला विचारतो. मी विचारलं, "हल्ली येत नाही आपण?"

"पाटीवर लिवून आहे न भाऊ, काम असंन तरच या म्हणून," त्या शांतपणे म्हणाल्या. "मले त काहीच काम नव्हतं. मी अशीच येत होती."

ती पाटी तुमच्यासाठी नव्हती, असं काही तरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "पाटी त सगळ्याईसाठीच असते." रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. त्यांना वाटत होतं, पुण्यात असंच असतं आणि आपणच आगाऊपणा केला. मी चहा संपवून खाली आलो.

जे तोंडाने येत नाही ते मला ब्रशने येतं. जिन्याला प्रत्येक वळणावर उंच खिडक्या होत्या. मी मुलीच्या निवडक पट्ट्या त्या काचांवर लावल्या, म्हणजे उजेड टोच्यांतून आत येईल, आणि प्रत्येकीखाली पुठ्ठ्यावर लिहिलं. 'मंगळवार. तीन पुंजके म्हणजे तळमजल्याचा कुकर. हा तिला चालतो, कारण तीनच होतात.' 'फाटलेली जागा म्हणजे अचानक वाजलेली बेल. कुणाची, ते ज्याचे त्याने ओळखावे.' 'जोडीचे टोचे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून येणारी पावले. पुढचे दोन म्हणजे त्यांची बेल. कागद फाटलेला नाही.' आणि वरच्या वळणावर, चाळणी झालेल्या पट्ट्यांखाली: 'दुपारी चार. येथे कोणताही आवाज नाही. पाटी रंगवणाऱ्याची चूक. पाटी काढली आहे.'

सेक्रेटरी प्रथम परवानगीचं विचारायला आले. मग चष्मा पुसून अर्धा तास जिन्यात उभे राहिले. "हा रविवार माझा का हो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी त्या फाटक्या जागेवरून बोट फिरवलं आणि ते खाली गेले. त्यानंतर ते आमच्याकडे येताना पहिल्या पायरीपासून मोठ्याने खोकत यायचे. खालच्या शिक्षिका रोज वर येऊन आपला कुकर बघून जायच्या. म्हणाल्या, "टोचण्यात मुलगी तुमच्यावर गेलीय, पण तिचं कुणाला लागत नाही." मग त्यांनी विचारलं, "एखाद दिवशी चार शिट्या झाल्या तर तिला त्रास होतो का?" हा प्रश्न मला फार आवडला. डोक्यावर परिणाम, लाड, नशीब, असे प्रश्न आम्ही पुष्कळ ऐकले होते. चार शिट्यांचा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

त्या संध्याकाळी काकू मुलाबरोबर बुधवार पेठेतल्या गणपतीला गेल्या होत्या. परत येताना त्या प्रत्येक वळणावर थांबल्या, मुलाने त्यांना सगळं वाचून दाखवलं, असं मला त्यानेच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता आमची बेल वाजली. आणि आत मुलगी किंचाळली.

मी दार उघडलं. दारात काकू, हातात शेंगांचं ताट, चेहरा पांढराफटक. आणि लुगड्याखाली कोरे करकरीत पांढरे स्पोर्ट्स शूज. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितले होते, मुलाने मॉलमधून आणले होते, जुन्या वहाणा टाकून दिल्या होत्या. जाड रबरी तळव्यांवरून त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या आणि पोरीला कळलंच नाही. आत ती पलंगाखाली होती. पट्टी उभी फाटली होती.

मला तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटलं. काकूंनी आधी आत पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"ह्या बुटाईचं काम आहे हे," त्या म्हणाल्या. ताट माझ्या हातात दिलं. "थांबा भाऊ. मी पुन्हा येते."

कठड्याला धरून त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या आणि उतरल्या. उतरताना वळणावर तळवा घासायचा तेव्हा च्युक असा बारीक आवाज व्हायचा. बेल न वाजवता त्या वळल्या, पुन्हा चढल्या आणि बेल वाजवायला पुन्हा उतरल्या. त्या दिवशी मुलगी पलंगाखालून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काकू रोज दोनदा उतरायच्या, एकदा तिला ऐकू यावं म्हणून आणि एकदा आमच्याकडे यायला. मी म्हणायचो, "काकू, गुडघा." त्या म्हणायच्या, "तिले ओळख होऊ द्या न भाऊ." चौथ्या दिवसापासून मीही त्यांचा हात धरून बरोबर चढू-उतरू लागलो, आणि सहाव्या दिवशी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर, श्वास घ्यायला थांबलो असताना, मी त्यांना माफ करा म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना दम लागला होता.

नवव्या दिवशी ऐकवायची फेरी उतरून आम्ही आमच्या दारापर्यंत आलो आणि काकू परत वर जायला वळल्या. बेलला कुणी हात लावला नव्हता. बायको ऑफिसात होती. मी काकूंचा हात धरून जिन्यात उभा होतो, आणि आमचं दार आतून उघडलं.